नवमीला उघडलेला कॉम्प्युटर

मला सात भाषांत ‘हे सफरचंद आहे’ असं म्हणता येतं. त्यापुढचं एकाही भाषेत येत नाही, कारण माझं काम पहिल्या धड्यातच संपतं. घरोघरी जाऊन बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि अलीकडं त्यात निम्मी दुखणी भाषा शिकवणाऱ्या प्रोग्रॅमची असतात. त्यांच्या पहिल्या धड्यात का कुणास ठाऊक, सफरचंद असतंच. दुरुस्ती झाली की मी माइकसमोर बसून ते म्हणून बघते आणि पडद्यावर हिरवी खूण आली की पिशवी उचलते. इतक्या भाषा हाताखालून गेल्या आणि एकही शिकायची राहिली, याची कधीकधी चुटपुट लागते.

मी काचीगुड्याची. वडील रेल्वेच्या नोकरीत नांदेडकडून इकडं तेलुगू मुलखात आले आणि इथलेच झाले. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. दुकानात कुणी उभं करेना, म्हणून घरी जाऊन दुरुस्ती करायला लागले आणि तेच पथ्यावर पडलं. दुपारच्या वेळी बायका घरात एकट्या असतात, त्यांना अनोळखी पुरुष मेकॅनिक आत घ्यायला नको वाटतो. ‘ती स्कूटीवाली शीलाताई’ म्हटलं की दार उघडतं, चहाही मिळतो आणि घरातल्या सगळ्या भानगडीही कळतात.

ज्यांनी हे प्रोग्रॅम पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर एक चित्र दाखवतो, शब्द बोलून दाखवतो आणि मग तुम्हाला बोलायला सांगतो. तुमचा आवाज माइकमधून आत जातो, तो त्याच्याजवळच्या नमुन्याशी ताडून बघतो. जुळला तर हिरवी खूण, नाही जुळला तर लाल. माणसाचा स्वभाव असा की लाल खूण आली की त्याला वाटतं आपलंच चुकलं. आपली जीभ जड, आपलं वय झालं, आपल्याला शाळेतही येत नव्हतं, इथपर्यंत लोक जातात. मी सगळ्यांना सांगत आले आहे की बाबांनो, आधी यंत्रावर संशय घ्या, स्वतःवर मागाहून घ्या.

जामबागेतले एक निवृत्त वकीलसाहेब फ्रेंच शिकत होते. त्यांना प्रत्येक वाक्याला लाल खूण. मी गेले तर साहेब कूलरसमोर बसलेले, कूलर विमानासारखा घोंघावतोय आणि माइक त्याच्या तोंडाशी. म्हटलं, “साहेब, त्याला तुमचं बोलणं ऐकूच येत नाही, कूलरचंच फ्रेंच ऐकू येतंय. तेवढा बंद करा.”

“नक्को नक्को,” साहेब म्हणाले, “ह्या उकाड्यात कूलर बंद करून फ्रेंच बोलायचं म्हणजे जीव द्यायचा. मी कोर्टात ह्याच्याहून मोठ्या गोंधळात बोललोय, जजला बराबर ऐकू यायचं. ह्यालाच कसं नाही येत?” शेवटी माइक कूलरच्या पाठीमागं नेला आणि साहेबांची खुर्ची वळवली. त्यांचा कूलरही राहिला आणि फ्रेंचही. कोर्टाबाहेर तडजोड झाली असं ते अजून सांगतात.

मलकपेठेतल्या एका घराची तऱ्हा तर न्यारीच. प्रोग्रॅमवर नाव एकाचं आणि शिकणारं अख्खं घर. सकाळी मुलगी इंग्रजी करायची, दुपारी आई, संध्याकाळी वडील, आणि सवड मिळेल तेव्हा आजोबा. रेशनकार्ड एक असतं तसं हेही एकच असणार, असा त्यांचा समज. प्रोग्रॅम बिचारा समजत होता की हे एकच माणूस आहे, ते सकाळी झरझर पुढं जातं आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरतं. म्हणून तो रोज त्यांना मागच्या धड्यावर आणून बसवायचा. चौघांची चार नावं करून दिली तेव्हा आजोबा सगळ्यांत पुढं निघाले. त्यावरून घरात पुढं काय झालं, ते मी विचारलं नाही.

आता फोन सगळंच शिकवतात, घरातले कॉम्प्युटर कमी झाले, माझी कामंही कमी झाली. त्याचं फार दुःख नाही. गुडघेही आता जिन्यांना कुरकुर करतात. पण दोन वर्षांपूर्वीचं काचीगुड्यातलंच एक काम मात्र झालं हे बरं झालं, असं अजून वाटतं.

रेवती एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. नवरा नोकरीनिमित्त आदिलाबादला, महिन्यातून दोनदा यायचा. घरी ती, तिची पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई कमलाकाकू. काकूंचे यजमान सरकारी खात्यात होते, दोन पिढ्या त्याच गल्लीत गेलेल्या. रेवतीला जर्मनीतल्या एका रुग्णालयात जायचं होतं. आधी तिनं एकटीनं जायचं, जम बसला की नवऱ्यानं आणि मुलीनं, तोवर मुलगी काकूंपाशी, असं ठरलं होतं. लेखी परीक्षा ती पास झाली होती. राहिली होती ती शेवटची तोंडी मुलाखत, तिथल्या मुख्य नर्सबाईशी अर्धा तास जर्मनमध्ये बोलायचं. ती मुलाखत ज्या प्रोग्रॅममधून ती शिकत होती त्यातूनच व्हायची होती आणि तो प्रोग्रॅम त्या एका कॉम्प्युटरशी बांधलेला होता, दुसरीकडं चालत नव्हता. तो मीच बसवून दिला होता.

नवरात्रातल्या नवमीला दुपारी तिचा फोन आला. “शीलाताई, येऊन तो प्रोग्रॅम काढून टाकता का?”

“का गं? उद्या मुलाखत ना तुझी?”

“नाही देणार. काढून टाका बस.”

प्रोग्रॅम काढायला मेकॅनिक लागत नाही, एक बटण दाबलं की जातो. तिलाही ते ठाऊक होतं. तरी तिनं मला बोलावलं, याचा अर्थ मी लावला आणि स्कूटी काढली.

दार उघडलं आणि मी समोरच बघत राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर झेंडूचा हार, खालच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक, पुढं विड्याची पानं आणि नारळ. शेजारी ओळीनं विळी, कात्री, शिवणाचं मशीन आणि रेवतीचा स्टेथोस्कोप, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. खंडेनवमीला घरातली हत्यारं अशी पुजतात, आणि एकदा पूजा मांडली की दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. काकूंनी सगळा हिशेब नीट केला होता. पहाटे उत्तरपूजा, मग मुलाखत. कॉम्प्युटर मध्येच आजारी पडेल, हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं.

रेवतीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. आठवड्यापूर्वीपर्यंत तिचे धडे छान चालले होते, सगळीकडं हिरवं. मग एकेक लाल यायला लागलं. रोज थोडं जास्त. काल तर एकही हिरवी खूण आली नाही. मी म्हटलं, “जीभ अशी आठवड्यात उतरत नसते. उतरते ती वस्तू. बघू दे मला.”

“काकू,” मी आत बघून म्हटलं, “मशीन चालू करावं लागेल.”

काकू पदराला हात पुसत आल्या. “आज नाही बाई. बसवलंय त्याला. उद्या दिवस उगवला की कर.”

“उद्या काही कमीजास्त निघालं तर दसऱ्याला दुकानं बंद. मग काय करणार?”

“देवी बघून घेईल. उगं परेशान होऊ नका.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. भावाचा होता. दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, सकाळी विहारात जायचं असतं, त्याबद्दल विचारत होता. “जयभीम दादा, हौ, येते वेळेवर,” एवढं बोलून मी फोन ठेवला. काकू माझ्याकडं बघत होत्या.

“तुमच्यात हे खंडेनवमीचं नसतं, नाही का?”

“नसतं.”

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग झालं की! तूच लाव हात. आम्ही इकडं तोंड करून बसतो. तू मानतच नाहीस, तर तुला कशाचा दोष लागू लागलाय?”

त्या वाईट मनानं बोलल्या नाहीत, हे तेव्हाही कळत होतं. तरी माझं डोकं सटकलं. मी पिशवी खाली ठेवली. “काकू, मी मानत नाही हे खरं. पण तुम्ही तोंड फिरवायचं आणि नको असलेलं काम माझ्या हातानं उरकून घ्यायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. असली कामं माझ्या आजीनं पुष्कळ केली. देवी तुमची, सून तुमची. हात लावायची मोकळीक द्यायची असेल तर ती तुमच्या हातानं द्या, नाहीतर मी निघते.”

रेवती कावरीबावरी झाली. “ताई, राहू द्या ना. आई, तुम्हीही राहू द्या. मी उद्या बसणारच नाही मुलाखतीला.”

काकू वळल्या. “बसणार नाही म्हणजे?”

“मला येत नाही, आई. आठ दिवस मी बोलते ते त्याला कळतच नाही. तिथं एखादा म्हातारा दुखतंय म्हणून मला हाक मारेल आणि मी बोलेन ते त्याला कळणार नाही. मग मी काय करू तिथं जाऊन?” एवढं बोलून ती रडायलाच लागली.

काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या तशाच आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात अक्षता आणि पाण्याची वाटी होती. कॉम्प्युटरसमोर उभ्या राहून त्या अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या, “आई, तुला एक दिवस अगोदर उठवू लागले. पोरीचं काम अडलंय. रागावलीस तर माझ्यावर रागाव, दुसऱ्या कुणावर नको.” अक्षता टाकल्या, हार उतरवला आणि दोन्ही हातांनी तो जड डबा बोटभर पुढं सरकवला. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची हलवतात, तसा.

“झालं,” त्या मला म्हणाल्या. “आता ते नुसतं यंत्र आहे. आणि मघाचं माझं बोलणं विसर. तुला लागलं ते दिसलं मला.”

मी मान हलवली आणि कामाला बसले. राग माझा लवकर येतो तसा लवकर जातो, आणि त्या दिवशी तर जायला कारणही होतं.

मशीन सुरू केलं, सफरचंद म्हटलं, लाल. अशा वेळी पहिला संशय माइकवर. माइक जुना, दांडीवर उभा, डोक्यावर लाल स्पंजची टोपी. ती टोपी मी ओढून काढली आणि माझी बोटं पिवळीलाल झाली. आतल्या जाळीवर हळदकुंकवाचा वाळलेला लेप बसला होता, छिद्र म्हणून दिसत नव्हतं.

खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात वाईट आलं. सून परदेशी जाणार, नात गळ्यात पडणार, अशा घरात काय काय होतं ते मी पाहिलं आहे. मी काकूंकडं बघितलं.

“मीच लावलं,” काकू म्हणाल्या. लपवायचं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. “घट बसल्यापासून रोज पहाटे लावू लागले, ही उठायच्या आत. पडद्याला लावलं, डब्याला लावलं, आणि ह्या बोंडाला जरा जास्तीच लावलं. ही ह्याच्यातच बोलते ना? म्हटलं, हिचं यश ह्याच्यातूनच जाणार.” आणि रोज नवीन लावायच्या आधी कालचं त्या ओल्या फडक्यानं पुसायच्या. पुसलेलं सगळं स्पंजातून झिरपून जाळीवर बसत गेलं. टोपीच लाल, तर कुंकू दिसणार कुणाला?

मी दोघींना समजावून सांगितलं. जाळी बुजली की आधी बारीक आवाज जातात, फुंकरीसारखे, सुस्काऱ्यासारखे. जर्मन भाषा त्यांनीच भरलेली. रेवती बरोबर बोलत होती, पण प्रोग्रॅमला ती तोंडावर उशी धरून बोलतेय असं ऐकू येत होतं.

“म्हणजे मीच तोंड दाबलं तिचं?” काकूंचा आवाज चिरकला. रेवती रडता रडता हसायला लागली आणि त्यांच्या गळ्यात पडली. “अय्यो आई, तुम्ही पण ना!”

मी ऐटीत पिशवीतला नवा माइक काढून जोडला. म्हटलं, “बोल आता.” रेवती बोलली. लाल. पुन्हा बोलली. पुन्हा लाल. दोघी माझ्याकडं बघू लागल्या. पंचवीस वर्षांच्या धंद्यात असा तोंडघशी पडायचा प्रसंग अधूनमधून येतोच, पण तो त्या दिवशी यायला नको होता.

सावकाश विचार केला तेव्हा उलगडलं. ऐकू जात नाही म्हणून रेवतीनं रोज माइकचा आवाज वाढवत नेला होता, पार टोकापर्यंत. शिवाय असा प्रोग्रॅम माणसाचा आवाज ओळखायला शिकतो, आणि यानं गेले आठ दिवस तिचा बुजलेला आवाजच शिकून घेतला होता. आता स्वच्छ माइकमधून तीच रेवती त्याला किंचाळणारी परकी बाई वाटत होती. मी आवाज उतरवला, त्यानं शिकलेला तिचा आवाज पुसून टाकला आणि त्याला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. त्यासाठी तिला एक पान मोठ्यानं वाचायचं होतं. पण आठ दिवसांत तिला ओरडायचीच सवय लागली होती.

“हल्लू,” मी म्हटलं. “पेशंटच्या उशाशी कशी बोलतेस? तशी बोल.”

तिनं श्वास घेतला आणि तशी बोलली. पहिली हिरवी खूण आली, मग दुसरी, आणि मग ती थांबेचना. काकूंनी हात जोडले. ते देवीला होते की मशीनला, मी विचारलं नाही.

दसऱ्याला सकाळी अकराच्या सुमारास मी विहारात निघाले होते, पांढरी साडी नेसून. पण रेवतीनं विनवलं होतं म्हणून वाटेत त्यांच्याकडं डोकावले. मुलीला शेजारी पाठवलं होतं, पंखे बंद, कुकरला बंदी. रेवती बाहेरच्या खोलीत दार लावून बसलेली आणि काकू आणि मी स्वयंपाकघरात, श्वास रोखून. दाराआडून रेवतीचं बोलणं ऐकू येत होतं, मधूनच त्या जर्मन बाईचं.

“बराबर बोलू लागली का गं?” काकूंनी कुजबुजत विचारलं.

“मला काय कळतंय? मला सफरचंदापुढं येत नाही.”

“मग इतकी वर्षं दुरुस्त काय करू लागलीस?” काकू वैतागून म्हणाल्या, आणि मला हसू दाबावं लागलं.

तेवढ्यात दाराआड रेवती काहीतरी लांबलचक बोलली. आणि ती जर्मन बाई हसली. मोकळं, खळखळून. पाठोपाठ रेवतीही हसली. काकूंनी माझं मनगट धरलं.

“हसली ना ती?”

“हसली. हसायला बोललेलं कळावं लागतं, काकू.”

“म्हणजे कळू लागलं तिला.” काकूंचा चेहरा उजळला. आणि मग बघता बघता उतरला. त्या तिथंच फरशीवर बसल्या. “म्हणजे आता जाईल ही,” त्या म्हणाल्या. “नऊ दिवस यश माग, यश माग चाललं होतं माझं. यश म्हणजे ही घरात नसणार, हे आत्ता कळू लागलं बघ.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. माझेही डोळे भरून आले. मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

दार उघडलं. रेवती धावत आली. “आई! घेतलं मला! कागद पाठवते म्हणाल्या!” काकू तोवर उठून गॅसपाशी उभ्या होत्या, डोळे कोरडे. त्यांनी सुनेच्या तोंडात साखर घातली, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, आणि मुलीला आणायला तिला शेजारी पिटाळलं.

मीही निघाले. भावाचा फोन दुसऱ्यांदा वाजत होता. काकू दारापर्यंत आल्या आणि माझ्या पिशवीचा बंद धरून उभ्या राहिल्या.

“बाई, एक काम राहिलं. ही तिथून बोलेल ना, ते मला इथं नीट ऐकू आलं पाहिजे. त्या आवाजाच्या डब्यात मधूनच खरखर येते. तेवढं बघून जा.”

मी भावाला फोनवर सांगितलं की मला उशीर होतोय. मग पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि स्पीकर उपडा केला.